आंघोळीच्या खुर्चीचा डावा पाय

“अर्धी खुर्ची मोडून पाहिली की पुरे; उरलेली अर्धी तशीच मोडते.”

हे वाक्य अर्धेकाका नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला ऐकवत. ऐकवताना हसत नसत. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं आणि बायकोच्या औषधाच्या चिठ्ठीपुरतं उरलं.

कारखाना दवाखान्यांचं सामान बनवायचा. खाटा, कुबड्या, वॉकर, सलाइनची बाटली टांगायचे खांब, आजारी माणसाला बसवून आंघोळ घालायच्या खुर्च्या. अर्धेकाकांनी यातली एकही वस्तू आयुष्यात हातानं बनवली नव्हती. त्यांचं काम त्या मोडायचं होतं, तेही त्या जन्माला यायच्या आत, पडद्यावर. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत ते आणि त्यांचा संगणक असे दोघे बसत. खालून पत्रे कापल्याचा आवाज येई तेव्हा ते कपाळाला आठ्या घालत, जणू कोणी देवघरात शिंकलं.

तरुणपणी त्यांना पूल बांधायचे होते. नदीवरचे, मोठे, ज्यांच्यावरून जाताना माणसं गाडीची काच खाली करतात असे. नशिबी कमोडच्या खुर्च्या आल्या. पण वजन ते वजन, असं ते स्वतःला समजावत, आणि धातूला खाली नदी आहे की फरशी हे कुठे कळतं.

“सॉफ्टवेअरला खुर्ची कळत नाही,” ते नव्या पोरांना सांगत. “बसणंही कळत नाही. आपण खुर्चीवर जाळं टाकायचं, तिचे बारीक बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला फक्त त्याचे शेजारी माहीत. शेजाऱ्यानं रेटलं की हा जरा दबतो आणि पुढच्याला रेटतो. धातू किती ताठ, किती लवचीक, ते आपण सांगायचं. पाय जमिनीला कुठे टेकलेत ते आपण सांगायचं. वजन कुठे पडतं तेही आपणच. मग ते सगळे तुकडे एकमेकांच्या कागाळ्या करत बसतात. सगळ्यांच्या कागाळ्या जुळल्या की उत्तर आलं समजा.”

उत्तर रंगांत यायचं. निळा भाग सुखात. हिरवा, पिवळा सोसतोय. लाल म्हणजे गेला.

आणि यात वेळ जायचा. म्हणून खुर्ची मधोमध उभी कापायची, एकच अर्धी ठेवायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की पलीकडे आरसा आहे, इकडे जे होईल तेच तिकडे होणार. निम्मे तुकडे, निम्म्याहून कमी वेळ. अख्खी खुर्ची लावली तर दुसऱ्या दिवशी उत्तर येई; अर्धी लावली तर जेवणाच्या सुट्टीआधी. धाकट्या मालकांना उत्तर जेवणाच्या सुट्टीआधी लागायचं. जगभर असंच करतात, त्यात चूक काही नव्हती. ज्या वस्तूचं डावं-उजवं सारखं, आणि जिच्यावरचं ओझंही डावं-उजवं सारखं, तिच्यापुरती.

लाल रंग आणण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. एखाद्या डिझायनरनं जीव ओतून वॉकर आखावा, काकांनी त्यावर वजन ठेवावं आणि त्याला शेजारी बसवून घ्यावं. “बघ हं,” म्हणावं, जखमेवरची पट्टी ओढताना डॉक्टर म्हणतात तसं. पडद्यावर वॉकरचा दांडा वाकायचा. सॉफ्टवेअर वाकणं फुगवून दाखवतं, केसाएवढं असेल तर हातभर, डोळ्यांना दिसावं म्हणून. समोरच्या पोराचा चेहरा उतरायचा. हे फुगवलेलं आहे, असं काका त्याला लगेच सांगत नसत. थोडा वेळ जाऊ देत. तो थोडा वेळ त्यांच्या दिवसातला सगळ्यात चांगला असे.

आंघोळीच्या खुर्चीचा आराखडा एका मुलीनं केला होता. सडपातळ, जरा अडखळत बोलणारी. तिनं भर बैठकीत विचारलं, “काका, माणूस एका अंगाला कलंडून बसला तर? अर्ध्या मॉडेलमध्ये ते येणारच नाही ना?”

“कलंडणाऱ्यानं सरळ बसायला शिकावं,” काका म्हणाले.

अख्खं टेबल हसलं. विक्रीवाल्याचा तर चहा नाकात गेला. “काका, हे जाहिरातीत छापू का?”

मुलगीही हसली, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पुढे ती नोकरी सोडून गेली. खुर्ची अर्ध्या मॉडेलवर पास झाली. खालच्या शेडमध्ये वाळूची पिशवी बैठकीच्या बरोबर मध्यावर पुन्हा पुन्हा आपटून पाहिली, तिथेही पास झाली. कागदावर काकांची सही झाली.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बायकोला खाटेवरून उचललं तेव्हा ती नेहमीसारखी डावीकडे कलंडली. त्यांनी नेहमीसारखी सावरली. डोक्यात काहीच आलं नाही.

बायकोची डावी बाजू झटक्यानं गेली होती. हात, पाय, गालाचा कोपरा. बोलणं वाचलं हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. कोणाचं नशीब ते त्यांनी सांगितलं नाही. ती शाळेत गणित शिकवायची आणि मुलं तिला टरकून असत. आता वर्गात एकच विद्यार्थी उरला होता. शरीर खाटेला खिळल्यापासून तिची सगळी धार जिभेवर येऊन बसली होती.

रोज सकाळी काका तिला आंघोळ घालत. कारखान्याच्या पहिल्या मालातली एक खुर्ची त्यांनी घरी आणली होती. तिला बाथरूममध्ये उचलून न्यायचं, खुर्चीत टेकवायचं, मग तिच्या डाव्या बाजूला उकिडवं बसून आपला उजवा गुडघा खुर्चीच्या डाव्या कडेला लावायचा, म्हणजे ती तिकडे झुकली तरी गुडघ्यावर येई. दोन्ही हात मोकळे राहत. कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात कधीतरी गुडघा तिथे गेला आणि मग रोज जात राहिला.

“पाणी गार आहे,” ती म्हणायची.

“कोमट आहे.”

“उजवीकडे गार लागतंय. डावीकडे काहीच लागत नाही. मधोमध काय आहे ते तुमच्या सॉफ्टवेअरला विचारा.”

“अगं, साबण जाईल डोळ्यांत. मिट ना.”

“एक मिटलाय. दुसरा मिटत नाही, माहीत नाही का तुम्हाला? एवढी वर्षं झाली लग्नाला.”

काका हसत. तिचं बोलणं लागायचं बंद झालं होतं असं नाही, पण रोज त्याच जागी लागलं की तिथे घट्टा पडतो.

एक दिवस धाकट्या मालकांनी त्यांना बोलावलं. धाकटे मालक कधीच आवाज चढवत नसत. चढवायची पाळी आली की उलट खाली आणत, समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागे.

“काका, दवाखान्यात एक म्हातारा गेला,” ते म्हणाले. “शिंपी होता. आंघोळीला बसवला होता. खुर्चीचा पाय निसटला. डोकं फरशीच्या कडेवर.”

“कुठला पाय?”

मालकांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. “माणूस गेला म्हटलं तर आधी पाय विचारता. म्हणून तर तुम्ही मला आवडता. मागचा डावा.”

खुर्ची प्लास्टिकच्या पोत्यात आली होती. काकांनी तुटलेला पाय उजेडात धरला. बैठकीखालच्या आडव्या नळीला पाय जिथे जोडलेला होता तिथे जोड फाटला होता. फाटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट, साबणाचं पाणी प्यालेला. थोडासा भाग लखलखीत, ताजा. असा तुकडा वाचायला त्यांना अक्षरओळख लागत नव्हती. काळपट भाग जुना होता. म्हणजे जोड एका झटक्यात गेला नव्हता. रोज थोडा थोडा उकलत होता, आणि त्या दिवशी उरलेलं धागाभर तुटलं.

“शिंप्याची कुठली बाजू गेली होती?” त्यांनी विचारलं.

“मला काय ठाऊक? माणूस लुळा होता, एवढं खरं.” मालक उठले. “आया म्हणते, मी नीट टेकवलं. दवाखाना म्हणतो, खुर्ची वाईट. आपण म्हणायचं, आयानं आपटलं. तिघांतला एक खरा ठरणार. तुम्ही बघा काय ते.”

काकांना शिंप्याची बाजू कोणाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला रोजच्यासारखं उचललं, खुर्चीत टेकवलं, डाव्या बाजूला उकिडवे बसले. गुडघा कडेला लावला. पाणी सोडलं. मग त्यांनी गुडघा हळूच मागे घेतला.

ती झुकली. बैठक झुकली. मागचा डावा पाय बाहेरच्या अंगाला फाकला, थोडासाच, आणि जोडातून बारीक आवाज आला, दाढेखाली खडा यावा तसा. काका खाली वाकून जोडाकडे बघत होते. तिच्याकडे बघत नव्हते.

“अहो.”

पाय अजून जरा सरकला.

“अहो, गुडघा कुठाय तुमचा?”

काकांनी हात वर केला, थांब म्हणून. जोडाच्या कडेला केसाएवढी रेघ उघडली होती. पाण्याचा थेंब तिच्यात शिरला आणि बाहेर आला. मग पाय एकदम गेला. काकांनी झेप घेऊन तिला छातीवर घेतलं. दोघं भिंतीवर आदळली, तिचं कोपर नळावर सोलवटलं. उजवं कोपर, जे तिला कळतं ते.

बराच वेळ दोघं ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. शॉवर वाहत होता.

“बघितलंत?” ती म्हणाली.

काकांनी हात लांब करून शॉवर बंद केला.

“विचारतेय मी. मोडून बघायची होती ना? दिसलं का सगळं नीट? का परत बसू?”

“अगं, मला खात्री करायची होती. एक माणूस गेलाय.”

“मग वाळूची पिशवी बसवायची. तुमच्या कारखान्यात पिशव्या संपल्या का?” तिचा श्वास लागला होता, तरी आवाज वर्गातला होता. “पिशवी बोलत नाही, म्हणून बायको घेतलीत.”

त्यांनी तिला उचललं, पुसलं, खाटेवर ठेवलं, कोपराला मलम लावलं. ती छताकडे बघत होती. आणि काकांच्या डोक्यात, बायकोच्या कोपरातून रक्त येत असताना, एकच गोष्ट लख्ख फिरत होती: ही खुर्ची घरी इतके दिवस टिकली ती गुडघ्यामुळे. सॉफ्टवेअरला त्यांनी चार पाय सांगितले होते. पाचवा ते स्वतः होते, आणि तो कुठेच मांडलेला नव्हता.

कामावर जाऊन त्यांनी काचेच्या खोलीचं दार लावलं आणि अख्खी खुर्ची लावली. आरसा काढून टाकला. वजन मध्यावरून उचलून डाव्या कडेला ठेवलं, जिथे ती झुकते तिथे. धातूला रोजच्या वाकण्यानं थकवा येतो, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर उजवी बाजू समुद्रासारखी निळी होती आणि डावीकडे, मागच्या पायाच्या जोडावर, टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. इतका नेमका की काकांना त्याचा अभिमान वाटला. त्या अभिमानाची लाज वाटायला थोडा वेळ लागला.

ते चित्र घेऊन ते धाकट्या मालकांकडे गेले. मालकांनी शांतपणे बघितलं.

“खुर्ची पास केली त्या कागदावरच्या सहीचं नाव काय हो?” त्यांनी विचारलं.

“माझंच आहे.”

“आणि कलंडणाऱ्यानं सरळ बसायला शिकावं, हे कोण म्हणालं होतं? मी नव्हतो त्या बैठकीत, पण विक्रीवाला अजून सांगत फिरतो.” मालकांनी आवाज अजून खाली आणला. काका पुढे झुकले. “काका, हे चित्र बाहेर गेलं तर खुर्ची माझी, पण गुन्हा तुमचा. तुम्ही आत गेलात तर वहिनींना बाथरूममध्ये कोण नेणार? मी येऊ?”

काकांनी चित्र टेबलावर पालथं ठेवलं.

“बरं. आता मला सांगा, वरून आपटलं तर काय होतं?”

“कशावरून?”

“आयाच्या हातातून. समजा हात सुटला. एवढ्या उंचीवरून.” मालकांनी टेबलावर तळहात धरला, मग तो हळूहळू वर नेला, काकांच्या चेहऱ्याकडे बघत, बाजारात कोणी भाव वर नेतं तसा. “इथून तुटतं? नाही? इथून?”

“चारही पाय जातील तसे.”

“मग तिरकं आपटा. डावीकडे.”

वाईट हे की ते काम काकांना चांगलं जमलं. पुतळ्यासारखी एक आकृती केली, डोळे-नाक नसलेली, तिला वजन दिलं. ती खुर्चीवर सोडली. पहिल्यांदा बैठकच फुटली. उंची कमी केली, तिरकेपणा वाढवला. मग उजवा पुढचा पाय गेला. पुन्हा. त्यांना उत्तर माहीत होतं, फक्त प्रश्न शोधायचा होता, आणि असा शोध घेण्यात ते आयुष्यभर तरबेज होते. शेवटी आकृती अशी पडली की मागचा डावा पाय, फक्त तोच, जोडापाशी लाल झाला आणि निसटला. त्यांनी त्याची छोटी फिल्म बनवली. वाकणं फुगवून दाखवलेलं तसंच राहू दिलं. तुटलेला खरा जोड मालकांनी ‘तपासणीसाठी’ करवतीनं कापून घेतला. तपासणी झाली नाही, पण काळपट भाग भुशात गेला.

विक्रीवाल्यानं फिल्म बघून शीळ घातली. “काका, तुम्ही सिनेमात जायला हवं होतं. बिचारी आया, पहिल्याच भूमिकेत खलनायिका.”

चौकशीच्या दिवशी सकाळी बायकोला त्यांनी खाटेवरच पुसून काढलं. नवी खुर्ची आणली नव्हती. ती विचारणार नाही अशी त्यांना आशा होती.

“आज आहे ना ते?” तिनं विचारलं.

“हो.”

“त्या आयाबद्दल काय सांगणार?”

काका टॉवेल पिळत राहिले.

“कळलं,” ती म्हणाली. “सांगा तेच. मला तुम्ही हवे आहात, दुसरं कोण आहे? त्या बाईला घाला खड्ड्यात आणि वेळेवर घरी या.” मग उजव्या हातानं तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, जी तिनं वर्षानुवर्षं केली नव्हती. “फक्त आल्यावर माझ्याशी प्रेमानं वागू नका. ते मला सहन होणार नाही.”

चौकशी दवाखान्याच्याच एका खोलीत होती. लांब टेबल, भिंतीवर पांढरा पडदा, खिडकीबाहेर धुतलेल्या चादरींच्या रांगा. चौकशी अधिकारी ही थकलेल्या चेहऱ्याची बाई होती, तिच्यासमोर अशा कितीतरी फायली येत असाव्यात. एका बाजूला धाकटे मालक आणि काका. दुसऱ्या बाजूला शिंप्याची मुलगी, मांडीवर बापाचा चष्मा घेऊन. तिच्या शेजारी ती आया, जिला सगळा वॉर्ड मावशी म्हणायचा. रुंद खांद्यांची, हात पाण्यानं कायमचे सुरकुतलेले. दोघींनी एकमेकींचा हात धरला होता. शिंप्याच्या मुलीचा मावशीवर विश्वास होता. बाप गेला तेव्हा त्याचं डोकं हिच्याच मांडीवर होतं.

“मावशी, काय झालं ते परत सांगा,” अधिकारी बाई म्हणाली.

“किती वेळा सांगू बाई? मी त्यांना टेकवलं. मी माणसं टेकवते, आपटत नाही. शिंपीदादा म्हणाले, मावशी, आज जरा पाठ घासा जोरात. मी म्हटलं, जोरात घासली तर शिवण उसवेल तुमची. हसले. मी साबण घ्यायला वळले, आणि मागे आवाज झाला.”

“तुम्ही त्यांना धरलं होतं?”

“साबण घ्यायला एक हात सोडावाच लागतो ना. बाकी आठ जण रांगेत होते आंघोळीला.”

“म्हणजे हात सोडला होता,” धाकटे मालक हळू आवाजात म्हणाले. सगळे पुढे झुकले.

“बसवल्यावर सोडला! बसवताना नाही!” मावशी उसळली. “तुमच्या खुर्चीला विचारा.”

“विचारलंय,” मालक म्हणाले. “काका, दाखवा.”

काकांनी वायर जोडली. पडद्यावर करड्या रंगाची खुर्ची आली, तिच्यावर वर ती नाक-डोळे नसलेली आकृती. आकृती खाली आली, तिरकी, आदळली. खुर्ची रबरासारखी वाकली. रंग पसरले, निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पिवळा, आणि मागच्या डाव्या पायाशी लाल. पाय निसटला. आकृती कलंडून पडली.

फिल्मला आवाज नव्हता. बहुतेक म्हणूनच खोलीत कोणी हललं नाही.

“हे असं झालं?” अधिकारी बाईनं विचारलं.

“तुटलेल्या पायाशी हे जुळतं,” काका म्हणाले. त्यांचं वाक्य असं होतं की त्यातला एकेक शब्द खरा होता.

“परत दाखवा,” मावशी म्हणाली.

त्यांनी परत दाखवलं. मग तिनं अजून एकदा मागितलं, तेव्हा हळू करून दाखवलं. आकृती इतकी सावकाश खाली येत होती की वाटावं कोणी तिला जपून आणतंय. आणि मग शेवटच्या वितीत जणू हात सुटला. मावशी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली होती. तिचा ओठ खाली लोंबला होता. स्वतःच्या दोन्ही हातांकडे तिनं आळीपाळीनं बघितलं.

“हात ओले होते,” ती पुटपुटली. “साबणाचे. आधीच्या बाईची आंघोळ झाली होती ना.”

“मावशी?” शिंप्याची मुलगी म्हणाली.

“पाठही धरली होती माझी त्या दिवशी. खाली वाकताना कळ आली. तेव्हाच असेल.” ती पडद्याकडे बघत होती, जिथे फिल्म संपून खुर्ची मोडक्या पायावर थिजली होती. “मला वाटत होतं मी टेकवलं. रोज टेकवते, म्हणून वाटलं असेल. हे बघा ना, दिसतंय की. इथे सुटलाय हात.”

“नीट आठवा,” अधिकारी बाई म्हणाली, पण तिचं पेन लिहायला लागलं होतं.

“आठवतंय आता. सुटला. मीच आपटलं त्यांना.”

शिंप्याच्या मुलीनं तिच्या हातातून आपला हात काढून घेतला. एकेक बोट करून काढला, गाठ सोडवावी तसा. “तुम्ही मला सांगितलंत, ते हसले,” ती म्हणाली. “रोज रात्री मी तेवढंच धरून झोपत होते. ते तरी खरं होतं का, का तेही असंच?”

आता मावशीला कशाचीच खात्री राहिली नव्हती. धाकट्या मालकांनी ग्लासातलं पाणी तिच्यापुढे सरकवलं, अगदी मायेनं. पाण्याला तिनं हात लावला नाही. ती टेबलावरून वाकून काकांकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वॉर्डात मोठ्या डॉक्टरांना विचारताना असते तशी अजिजी होती.

“साहेब, तुमच्या यंत्रात सगळं दिसतं ना? मग मला एवढं सांगा. मी त्यांना आपटलं तेव्हा त्यांना कळलं का? दुखलं का फार? कुठे लाल झालं त्यांना?”

अधिकारी बाईनं पेन थांबवलं. “काका, तुम्हाला काही सांगायचंय?”

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. पडद्यावर खुर्ची तशीच मोडून उभी होती. धाकटे मालक मघापासून टेबलावर बोटांनी अगदी हलका ताल धरून होते, आणि तो ताल आता थांबला होता.

काकांनी वायर काढली. पडदा पांढरा झाला. वायर त्यांनी तळहाताभोवती नीट गुंडाळली, टोक आत खोचलं, संगणक मिटून बगलेत घेतला. खुर्ची मागे सरकवताना तिचा पाय फरशीवर करकरला. मावशी अजून त्यांच्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत, तोंड थोडं उघडं ठेवून. ते तिच्या मागून गेले, शिंप्याच्या मुलीच्या मागून गेले, दाराची मूठ फिरवली आणि बाहेर पडले.